मुक्या यंत्राचा दुभाष्या

छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्याने निघाले आणि चिकलठाण्याचे विमानतळ मागे पडले, की पुढे शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. एके काळी या गावाची ओळख मांगीरबाबाच्या यात्रेपुरती होती. चैत्रात नवसाची माणसे दुरून येत, आजही येतात. २००१ मध्ये इथे स्कोडाच्या मोटारी जुळू लागल्या, शेतांच्या जागी शेड उभ्या राहिल्या आणि पुढे दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातली ऑरिक नगरीही शेंद्रा-बिडकीन परिसरात आली. मोठ्या झाडाखाली छोटी झुडपे वाढावीत तशी मोठ्या कारखान्यांच्या आसऱ्याने आमच्यासारखी छोटी वर्कशॉप इथे वाढली. बुश, पिना, स्पेसर असले बारीकसारीक जॉब करायचे, मोजायचे, खोक्यात भरायचे आणि वेळेवर पोचवायचे, हा आमचा धंदा.

यातला ‘मोजायचे’ हा शब्द वाचताना सहज निसटून जातो. पण आमची सगळी पत त्या एका शब्दावर उभी असते. लॉटबरोबर मोजमापाचा रिपोर्ट गेला नाही, तर माल कितीही चोख असो, गेटवरून गाडी परत येते.

२०२२ च्या मे महिन्यात आमच्यावर ही वेळ आली. आमच्याकडे २००६ साली घेतलेला एक प्रोफाइल प्रोजेक्टर आहे. सिनेमाच्या पडद्यावर चित्र मोठे दिसते तशी जॉबची सावली यात काचेच्या पडद्यावर मोठी दिसते. खालचे टेबल सरकवायचे, सावलीची एक कड रेघेवर आणायची, मग दुसरी आणायची. टेबल किती सरकले ते शेजारचा कंट्रोल बॉक्स मोजतो आणि संगणकाला कळवतो. संगणक त्याचा रिपोर्ट छापतो. सोळा वर्षे हे सगळे बिनतक्रार चालले. त्या दिवशी सकाळी संगणक सुरूच होईना. उघडून पाहिले तर आतल्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर टम्म फुगलेले. बाहेर बेचाळीस अंशांचे ऊन, आत तीन हजार बुशांचा लॉट तयार आणि तो पोचवायला हातात चार दिवस.

संगणक मेला तर दुसरा आणावा, इतका सरळ हिशेब मी केला होता. नवा आणला. कंट्रोल बॉक्सची वायर त्याला जोडली. संगणकाने काहीतरी जोडल्याची दखल घेतली. पण ते काय आहे, हे त्याला समजेना. बॉक्ससोबत आलेली सीडी घातली, तर तिच्यातला ड्रायव्हर विंडोज एक्सपीसाठी लिहिलेला. नव्या ६४ बिटी प्रणालीत जुना ३२ बिटी ड्रायव्हर चालतच नाही.

यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीला फोन लावला. उत्तर नम्र होते. हे मॉडेल बंद झाले आहे, नवा ड्रायव्हर येणार नाही, नवे यंत्र घ्या, कोटेशन पाठवतो. कोटेशन आले. आकडा पाहून मी कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

आमचे फोरमन मामा यंत्राभोवती फिरून आले आणि म्हणाले, “साहेब, काच धड आहे, टेबल धड आहे, बॉक्सचा लाल दिवा लागतोय. मग बिघडलंय काय?”

त्यांचा प्रश्न बिनतोड होता. लोखंड, काच, वायर यांतले काहीही बिघडलेले नव्हते. दोघांच्या मधला बोलणारा तेवढा गेला होता.

ड्रायव्हर म्हणजे कोण?

ड्रायव्हर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एसटीचा चालक येतो. संगणकातला ड्रायव्हर मात्र गाडी हाकत नाही. त्याचे काम दुभाष्याचे. प्रिंटर, स्कॅनर, कॅमेरा, मोजमापाचे यंत्र अशी प्रत्येक वस्तू स्वतःच्या बोलीत बोलते. ‘टेबल किती सरकले सांग’ हे आमच्या बॉक्सला विचारायचे, तर ठरावीक क्रमाने ठरावीक आकडे पाठवावे लागतात. ते आकडे कोणते, हे बनवणाऱ्यालाच ठाऊक. तो हे ज्ञान ड्रायव्हर नावाच्या छोट्या आज्ञावलीत बंद करून देतो. दुभाष्या आहे तोवर आपल्याला ती बोली शिकण्याची गरज पडत नाही. तो गेला, की समोर धडधाकट माणूस उभा असून त्याच्याशी एक शब्द बोलता येत नाही, अशी गत होते.

हे दुखणे जुने आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन नावाच्या तरुणाला एका नव्या प्रिंटरने असेच सतावले होते. कागद अडकला तर प्रिंटरने सगळ्यांना कळवावे, एवढीच सुधारणा त्याला करायची होती. पण प्रिंटरच्या आज्ञावलीचा मूळ मजकूर मिळेना. ज्याच्याकडे होता त्याने तो न देण्याचे वचन दिलेले. त्या चिडीतून पुढे, १९८३ मध्ये, स्टॉलमनने सर्वांना वाचता-बदलता येईल अशा मुक्त आज्ञावलींची चळवळ जाहीर केली. एका प्रिंटरच्या ड्रायव्हरने केवढे रामायण घडवले पाहा.

आमच्याकडे त्या वेळी पॉलिटेक्निक झालेला एक मुलगा होता. दिवसा सीएनसीवर काम करायचा आणि रात्री संगणकाशी खेळायचा. आधी त्याने जुनी हार्ड डिस्क काढून शहरातल्या जुन्या बाजारातून आणलेल्या दुसऱ्या संगणकात लावून पाहिली. निळा पडदा आला आणि सगळे ठप्प झाले. अंगण बदलले म्हणून एक्सपी रुसली होती.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, “सर, डिस्क अजून चांगली आहे. तिची हुबेहूब नक्कल काढतो आणि तिला खोट्या संगणकात चालवतो.”

“खोटा संगणक म्हणजे?”

“सर, असतो.”

नेपथ्यातला वाडा

हा ‘खोटा संगणक’ म्हणजे व्हर्च्युअल मशीन. नाटकात रंगमंचावर वाडा उभा असतो. दरवाजा उघडतो, खिडकीतून ऊन येते, नट जिना चढून वर जातो. मागे जाऊन पाहिले तर फळ्या आणि कापड. पण रंगमंचावरच्या पात्रांना तो वाडाच असतो. खऱ्या संगणकात तसेच नेपथ्य उभारून त्यात दुसरी प्रणाली चालवता येते. आपण खऱ्या डिस्कवर लिहीत आहोत, खऱ्या मेमरीत बसलो आहोत, अशी आतल्या प्रणालीची खात्री असते. प्रत्यक्षात तिची प्रत्येक मागणी बाहेरचा व्यवस्थापक ऐकतो आणि पुरवतो. या व्यवस्थापकाला हायपरव्हायजर म्हणतात.

कल्पना आजची नाही. संगणक खोलीएवढे होते तेव्हा, १९६० च्या दशकात, आयबीएमच्या अमेरिकेतल्या केंब्रिज येथील केंद्रात ती आकाराला आली. एका महागड्या यंत्राचे अनेक आभासी भाग करून प्रत्येकाला ‘हा तुझाच संगणक’ असे भासवायचे, हा हेतू. १९७२ मध्ये व्हीएम/३७० नावाने आयबीएमने ती बाजारात आणली. घरगुती संगणकावर हा खेळ आणला तो १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने, १९९९ मध्ये. २००७ पासून तर लिनक्स प्रणालीच्या गाभ्यातच केव्हीएम नावाने ही सोय फुकट मिळू लागली.

आमच्या मुलाने नव्या संगणकावर लिनक्स घातले आणि त्यावर हे नेपथ्य उभारले. पहिल्या दोन वेळा तोच निळा पडदा. मग नेपथ्यातली डिस्क आणि मदरबोर्ड त्याने जुन्या संगणकाशी मिळतेजुळते ठेवले. तिसऱ्या वेळी एक्सपीची ती ओळखीची हिरवी टेकडी पडद्यावर आली आणि शेडमधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याने कंट्रोल बॉक्सची यूएसबी वायर बाहेरून थेट त्या आतल्या एक्सपीच्या हवाली केली. याला पास-थ्रू म्हणतात. वाड्याच्या खोट्या भिंतीतून एक खरा नळ आत सोडावा, तसे. जुना ड्रायव्हर जागा झाला. पडद्यावर आकडे आले. त्या रात्री दोन शिफ्ट बसून लॉट मोजला आणि गाडी वेळेवर गेली.

गोष्ट इथे संपली असती. पण मला झोप येईना. हे म्हणजे आजाऱ्याला सलाईन लावल्यासारखे होते. विंडोज एक्सपीची सुरक्षेची डागडुजी ८ एप्रिल २०१४ लाच थांबली होती. तो संगणक कारखान्याच्या जाळ्याला जोडणे धोक्याचे. एक्सपीचा परवाना जुन्या संगणकाशी बांधलेला. नकलेवर कायमचा संसार थाटणे बरोबर नव्हते. आणि पुढच्या खेपेला कुठला दुवा तुटेल, कोण जाणे.

मुलाला हे बोलून दाखवले. तो म्हणाला, “सर, मग बॉक्सची भाषाच शिकून घेऊ. आता ते दोघं आपल्या घरात बोलतात. ऐकायचं फक्त.”

कान देऊन ऐकणे

या विद्येला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण आपल्या घरांत ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत एका आजींची येसर आमटी प्रसिद्ध होती. मसाल्याचे प्रमाण त्या कुणाला सांगत नसत. माझी आत्या जेवायला जाऊन आली, की जिभेवरची चव आठवून आईला सांगे, “धणे जास्त आहेत, बाजरी भाजून घातलीय, खोबरं करपवलेलं नाही.” आई त्या बेताने करून पाही, आत्या चाखे, मग दुरुस्ती होई. चार-पाच वेळा हे झाल्यावर आमच्याकडेही तशीच आमटी होऊ लागली. आजींच्या डब्याला कुणी हात लावला नव्हता.

ड्रायव्हर आणि बॉक्स यांच्यातले बोलणे ऐकायचे तर नेपथ्याचा मोठा फायदा होतो. आतल्या एक्सपीला वाटते, मी बॉक्सशी खासगीत बोलते आहे. पण तिचा प्रत्येक शब्द बाहेरच्या लिनक्समधून जातो आणि लिनक्समध्ये यूएसबीवरची वाहतूक टिपून ठेवण्याची सोय आहे. चिठ्ठी पोचवणाऱ्या पोस्टमननेच ती वाचून नोंद करावी, तसा प्रकार. गाव आपले, पोस्टमन आपला आणि चिठ्ठ्याही आपल्याच यंत्राच्या, म्हणून यात चोरी नाही.

पहिल्या दिवशी टिपलेले पाहिले तर आकड्यांचा नुसता पाऊस. सेकंदाला कित्येक चिठ्ठ्या. यातून अर्थ काढायची रीत एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. टेबल स्थिर ठेवून ऐकले, तर चिठ्ठ्या सारख्याच येत राहिल्या. मग पडद्यावर १०.००० मिलिमीटर येईपर्यंत टेबल सरकवले. चिठ्ठीतल्या एका चौकडीतलेच आकडे बदलले. आधी चारही शून्ये होती, आता १० २७ ०० ०० असे दिसत होते. ५.००० वर आणले, तर ८८ १३ ०० ००.

आम्ही दोघे त्या आकड्यांकडे पाहत बसलो. इथे जुना हिशेब कामाला आला. माझे आजोबा आण्यांत मोजायचे. सोळा आणे भरले की एक रुपया. संगणकाची ही मोजणीही सोळाची आहे. आपल्या आकड्यात उजवीकडून एकं, दहं, शतं. त्यात मात्र एक, सोळा, सोळा सोळे म्हणजे २५६ आणि २५६ सोळे म्हणजे ४०९६. शिवाय हा बॉक्स जोड्या उलट क्रमाने पाठवतो, लहान आधी, मोठी नंतर. म्हणजे १० २७ हे २७१० असे वाचायचे. आता हिशेब करा: ४०९६ दुणे ८१९२, २५६ साते १७९२, एक सोळा आणि शून्य. बेरीज बरोबर १०,०००. दहा मिलिमीटरचे दहा हजार मायक्रॉन! ८८ १३ उलटून १३८८ केले, तर ५,०००. मुक्या यंत्राने आमच्याशी उच्चारलेला हा पहिला शब्द होता.

मुलाने रात्रीतून छोटा प्रोग्रॅम लिहिला. एक्सपी नाही, जुना ड्रायव्हर नाही; थेट लिनक्समधून बॉक्सला प्रश्न आणि बॉक्सचे उत्तर. टेबल उजवीकडे सरकवले, आकडे चोख आले. मामांनी ते शून्याच्या जरा डावीकडे नेले आणि पडद्यावर ४२,९४,९६७.२९५ मिलिमीटर उमटले. म्हणजे टेबल शेडची भिंत फोडून सव्वाचार किलोमीटर पलीकडे गेले! मामा खो खो हसले. कारण साधे होते. उणे आकडे संगणक घड्याळासारखे उलटे मोजतो. शून्याच्या एक पाऊल मागे गेले की सर्वांत मोठा आकडा लागतो. ती खूण प्रोग्रॅमला सांगितल्यावर टेबल शेडमध्ये परतले.

बारा मायक्रॉन

मी खूश होतो. दुसऱ्या दिवसापासून हाच प्रोग्रॅम वापरायचा, असे जाहीरही करणार होतो. मामांनी अडवले. “साहेब, आधी गेज लावून बघू.” त्यांनी लाकडी पेटीतली १०० मिलिमीटरची प्रमाणित स्लिप गेज काढली, पुसली आणि टेबलावर ठेवली. जुन्या प्रोग्रॅमने दाखवले १००.००१. आमच्या प्रोग्रॅमने दाखवले १००.०१३.

फरक बारा मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाचा सहावा हिस्सा. पण आमच्या काही जॉबना वीस मायक्रॉनचीच मुभा असते. त्यातले बारा यंत्रानेच खाल्ले, तर चांगला माल रिजेक्ट होणार आणि वाईट माल पास होणार. तो बुश पुढे कुणाच्या तरी गाडीत बसणार. ऐकलेले अर्धवट कळले आणि आपण ते पूर्ण कळले असे मानले, की दुभाष्या खोटारडा होतो. न बोलणाऱ्या दुभाष्यापेक्षा हा वाईट.

पहिला संशय उन्हावर गेला. मोजमापाच्या जगात सगळी मापे २० अंश सेल्सिअसला धरतात. पोलाद तापले की वाढते. पण दोन्ही प्रोग्रॅम एकाच खोलीत, एकाच तासाला, एकच गेज मोजत होते. उन्हाने फरक पडला असता तर दोघांनाही पडला असता. म्हणजे जुन्या ड्रायव्हरला असे काही माहीत होते, जे आम्ही ऐकलेच नव्हते.

इथे व्हर्च्युअल मशीनचा दुसरा गुण उपयोगी आला. नेपथ्यातल्या संगणकाची अवस्था फोटो काढल्यासारखी जपून ठेवता येते आणि हवे तेव्हा पुन्हा त्याच क्षणाला परत जाता येते. खऱ्या संगणकाच्या बाबतीत ‘पुन्हा पहिल्यापासून’ हे कधीच तंतोतंत जमत नाही. मुलाने प्रोग्रॅम उघडण्याच्या आधीचा क्षण जपला आणि तोच आरंभ वीसेक वेळा घडवून ऐकला. दर वेळी सुरुवातीला ड्रायव्हर बॉक्सकडून एक लांबलचक चिठ्ठी मागवत होता. आम्ही तिला ओळखपाळख समजून सोडून दिले होते. ती दुरुस्तीची कोष्टक निघाली. टेबलाची पट्टी कुठे किती चुकते, हे कारखान्यात मोजून यंत्राच्या पोटात लिहून ठेवले होते. सुरुवातीच्या भागात चूक जवळजवळ नव्हती, म्हणून ५ आणि १० वर आम्हाला काही जाणवले नाही. १०० च्या आसपास ती बारा मायक्रॉन होती.

कोष्टक वाचून दुरुस्ती लावली. मग पेटीतली एकेक गेज लावून दोन्ही प्रोग्रॅमचे आकडे शेजारी शेजारी लिहिले. पंधरा दिवस दोघे बरोबरीने चालवले. बाहेरच्या प्रयोगशाळेकडून कॅलिब्रेशन करून घेतले. त्यानंतरच जुन्या एक्सपीला निरोप दिला.

जगात कोण कोण हे करते

आम्ही काही जगावेगळे केले नव्हते. उलट फार मोठ्या माणसांच्या मागून चाललो होतो. एनव्हिडियाच्या चित्रपत्त्यांसाठी लिनक्सवर मुक्त ड्रायव्हर असावा म्हणून २००६ च्या सुमारास काही उत्साही मंडळींनी ‘नूव्हो’ प्रकल्प उभारला. फ्रेंचमध्ये नूव्हो म्हणजे नवा. कंपनीचा ड्रायव्हर पत्त्याच्या मेमरीला हात लावील तेव्हा त्याला तिथेच क्षणभर थांबवून नोंद करणारे साधन त्यांनी वापरले. मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट कॅमेरा नोव्हेंबर २०१० मध्ये बाजारात आला, तेव्हा त्याचा मुक्त ड्रायव्हर लिहिणाऱ्यास एडाफ्रूट या कंपनीने बक्षीस लावले. एक्टर मार्तिन या तरुणाने काही दिवसांतच ते तीन हजार डॉलर मिळवले. खेळण्यासाठी बनलेला तो कॅमेरा पुढे यंत्रमानवांचा डोळा म्हणून कितीतरी प्रयोगशाळांत पोचला.

याच मार्तिनने पुढे ‘असाही लिनक्स’ हा प्रकल्प सुरू केला. २०२० च्या अखेरीस ॲपलने स्वतःच्या एम१ चिपचे संगणक आणले. त्यांवर दुसरी प्रणाली चालवायला ॲपलची मनाई नव्हती, पण आतल्या भागांची माहितीही कुठे छापलेली नव्हती. या मंडळींनी एक पातळसा हायपरव्हायजर लिहिला आणि ॲपलची मॅकओएस प्रणाली त्याच्यावर चालवली. ती जेव्हा जेव्हा हार्डवेअरला हात लावी, तेव्हा तो हात आधी हायपरव्हायजरच्या वहीत नोंदला जाई आणि मगच पुढे जाई. वायरने जोडलेल्या दुसऱ्या संगणकावर ती वही वाचायची. अशा नोंदी वाचूनच यंत्राचे एकेक दार त्यांनी उघडले. अलिसा रोझेनझ्वाइग या तरुणीने चित्रांच्या भागाचा उलगडा करण्यात मोठा वाटा उचलला. मार्च २०२२ मध्ये त्यांची पहिली चाचणी आवृत्ती लोकांच्या हाती आली, आम्ही फुगलेले कपॅसिटर पाहत बसलो त्याच्या दोनच महिने आधी. जपानमध्ये मॅकिंटॉश जातीच्या सफरचंदाला ‘असाही’ म्हणतात, त्यावरून हे नाव.

हे कायद्याला धरून आहे का, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. माझ्याही आला होता. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात १९९९ च्या दुरुस्तीने याची सोय केली आहे. आज्ञावली रीतसर बाळगणाऱ्याने स्वतंत्रपणे लिहिलेली दुसरी आज्ञावली तिच्याशी जुळवण्यासाठी आवश्यक माहिती मिळवली, आणि ती माहिती अन्यथा सहज मिळत नसेल, तर तो भंग नाही. आज्ञावलीचे काम कसे चालते याचे निरीक्षण आणि अभ्यासही त्यात बसतो. अर्थात कुणाचा परवाना फोडणे, कुलूप तोडणे किंवा मजकूर उचलून आपल्या नावावर खपवणे यात बसत नाही. १९८२ मध्ये कॉम्पॅक कंपनीने आयबीएमच्या संगणकाशी जुळणारा संगणक केला, तेव्हा मूळ मजकूर पाहणारी माणसे वेगळी आणि नवा लिहिणारी वेगळी ठेवली होती. आत्याने चाखायचे, आईने करायचे. आमच्याकडेही मुलाने जुन्या ड्रायव्हरचा मजकूर उघडलाच नाही. फक्त संभाषण ऐकले.

या मार्गाला मर्यादाही आहेत. कित्येक नवी यंत्रे आपले बोलणे सांकेतिक करून पाठवतात. ऐकले तरी कळत नाही. काहींना वेळेचे भान इतके काटेकोर असते, की नेपथ्यातला अंगचा संथपणा त्यांना चालत नाही. आणि जिथे माणसाच्या जिवाशी गाठ आहे, तिथे असा घरगुती दुभाष्या नेमण्याचे धाडस मी कुणाला सुचवणार नाही. गेजची पेटी नसती, तर मी आमच्याकडेही नेमला नसता.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. पैसे मोजून घेतलेले यंत्र आपले असते, असे आपण धरून चालतो. लोखंड आपले असते हे खरे. त्याच्याशी बोलायची भाषा मात्र दुसऱ्याच्या कपाटात असते आणि ते कपाट कधी बंद होईल हे आपल्या हाती नसते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वाळूज असो की शेंद्रा, किती शेडमध्ये किती धडधाकट यंत्रे यामुळे एक दिवस मुकी होतील, याचा विचार ज्याने त्याने करावा. मी आता नवे यंत्र घेताना किमतीची घासाघीस करण्याआधी एक प्रश्न विचारतो: संभाषणाच्या पद्धतीचा कागद देणार का? काही जण देतात. काही जण माझ्याकडे विचित्र नजरेने पाहतात.

तो मुलगा आता पुण्यात मोठ्या पगारावर आहे. जाण्याआधी मी त्याच्याकडून एक काम करून घेतले. दोनशे पानी वहीत त्याने बॉक्सची सगळी भाषा मराठीत लिहून ठेवली. कोणती चिठ्ठी कशाची, आकडे कसे उलटायचे, उणे कसे ओळखायचे, दुरुस्तीची कोष्टक कुठे असते. कॅलिब्रेशनच्या दाखल्यांच्या कपाटात ती वही असते. गेल्या वर्षी आलेल्या नव्या मुलाला मामांनी पहिल्याच आठवड्यात ती वाचायला दिली आणि सांगितले, “हे पाठ कर. आणि आकडा बरोबर वाटला तरी आधी गेज लाव.”